बूट घालून पोहायची परीक्षा

(सांगणार: सुनंदा, दुबईत अल बर्शामधल्या एका स्विमिंग क्लबात मुलींच्या बाजूला मदतनीस. शब्दांकन: त्याच क्लबात येणाऱ्या इराची आई.)

माझा जन्म माणदेशातला, म्हंजे जिल्हा सातारा खरा, पण साताऱ्याचा पाऊस आमच्याकडं यायचा न्हाई, डोंगराच्या पलीकडंच सांडून जायचा, आन् आमी ह्या बाजूला आभाळाकडं बगत बसायचो. काय सांगू तुमाला, पाय बुडंल एवढं पाणी मी लग्नाआधी एका जागी बगितलंच न्हाई. टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा, आन् आमी बाया त्यावर तुटून पडायचो, हंडा भरला की जिंकलं. पाणी म्हंजे डोक्यावर घ्यायची वस्तू, त्यात माणसानं उतरायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. कधी बरा पाऊस झालाच तर पोरं विहिरीत उड्या मारायची, पण पोरींनी काठावर बी उभं ऱ्हायचं न्हाई, आई लांबनं वरडायची, सुनंदे, माघारी फीर, तंगडं मोडीन.

आन् अशी मी बाई, मला नोकरी लागली ती पाण्याच्या काठावर. देवाला बी कधी कधी गंमत सुचती बगा.

लग्न त्याच तालुक्यात झालं, दुसऱ्या वाडीत. आमचे मालक ड्रायव्हर. ते आधी दुबईला आले, जबल अलीत कंपनीची बस चालवतात, कामगार माणसं कॅम्पातनं गोदामात आन् गोदामातनं कॅम्पात, तोच रस्ता, तेच सिग्नल, आता झोपेत बी गिअर टाकतात. मागनं मला आणली, एका मराठी घरात सैपाकाला आन् बाळ सांभाळायला. ती माणसं कॅनडाला गेली, पण लई चांगली व्हती, जाताना मला ह्या क्लबात चिकटवून गेली. आमची एकुलती एक लेक रूपाली, ती गावाला, माझ्या धाकट्या जावंकडं. जाऊ माझी मंदा, तिनं रूपालीला कधी परकं केलं न्हाई, आधी हिच्या ताटात वाढती मंग स्वतःच्या पोराच्या, मी सुट्टीला गेल्यावर डोळ्यानं बगितलंय. पण आईचा जीव तो जीव, त्याला काय कळतंय.

क्लबात माझं काम म्हंजे कपडे बदलायच्या खोलीपासनं पाण्याच्या काठापर्यंत. पोरींचे केस टोपीत कोंबायचे, चष्म्याचे पट्टे सारखे करायचे, रडणारीला गप करायचं, फरशीवरचं पाणी वायपरनं ओढायचं. पोरी सगळ्या मुलखांच्या, बोलणं येगळं, डबे येगळे, रडणं मात्र सगळ्यांचं एकच. मला ते काम लई आवडायचं. फक्त एक, मी काठापासनं दोन फरशा लांब चालायची. कुणाला दिसायचं न्हाई, माझं मला म्हाईत व्हतं. निळी फुल पँट, अर्ध्या बाह्यांचा लांब शर्ट, पायात रबरी बूट, असा आमचा युनिफॉर्म, आन् त्या बुटात माझे पाय कायम आखडलेले.

मंग टिनेका मॅडम आल्या. तुमाला तर म्हाईतच हायेत, पण वाचणाऱ्याला सांगते. हॉलंडच्या. उंच बाई, केस पांढरे, नाक उन्हानं कायम सोललेलं, आवाज असा की पाण्याखालच्या पोरीला बी ऐकू जावा. पयल्याच दिवशी मला विचारलं, तुझं नाव काय, आन् दुसऱ्या दिवशी त्या नावानं हाक मारली. हिंदी चार शब्द, अरबी चार शब्द, बाकी इंग्लिश, आन् त्या सगळ्याची भेळ करून बोलायच्या, यल्ला सुनंदा, जल्दी, टोपी, म्हंजे चल, पटकन टोपी आण. मला बरोबर समजायचं. तुमचं हाय-फाय इंग्लिश मला समजत न्हाई, त्यांचं समजायचं.

मॅडमनी आल्या आल्या काय केलं, आमच्या लांब वऱ्हांड्यात भिंतीवर फोटो लावले. जुने, काळे-पांढरे. पोरीच पोरी. अंगात लोकरीचे जाड पोशाख, डोक्याला घट्ट टोप्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या, गळ्यात मेडलं. मी रोज ते फोटो पुसायची, आन् एक दिवस विचारलंच, मॅडम, ह्या कोण? तर काय सांगू तुमाला, बाईच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. म्हणल्या, सुनंदा, ह्या आमच्या पोरी, ह्यांनी सगळ्या जगाला मागं टाकलंय.

मंग वायपर मारता मारता, फरशी पुसता पुसता त्या सांगायच्या आन् मी ऐकायची. एवढुसा देश, आपले चार जिल्हे एकत्र केले तर तेवढा भरंल. त्यातला लई भाग समुद्राच्या पातळीच्या खाली, बांध घालून अडवलेला, जिथं बगावं तिथं कालवे, घराच्या दारात कालवा, शाळेच्या मागं कालवा. पोर अंगणात खेळायला गेलं आन् चेंडूमागं धावलं की सरळ पाण्यात. आपल्याकडं पोराला काय शिकवतात, गाडी बगून रस्ता ओलांड. त्यांच्याकडं आधी पोहायला. मॅडम म्हणल्या, पयल्यांदा तर नदीत आन् कालव्यात फळ्या ठोकून पोहायच्या जागा केलेल्या, आन् बायांची वेळ येगळी. मी म्हटलं, आपल्या लेडीज टाइमासारखं? त्या हसल्या, येस, सेम सेम. त्या लेडीज टाइमात ज्या पोरी उतरल्या त्यांनी शंभर वर्षांमागं ऑलिंपिकातनं सोनं आणलं. पाठीवर पोहायच्या शर्यती, सरळ पोहायच्या, आन् चौघींनी मिळून पोहायच्या, एकीनं भिंतीला हात लावला की दुसरीनं उडी मारायची. मॅडम म्हणल्या, आमी चौघींच्या शर्यतीत लई पक्क्या. मधी काही काळ थंड पडलं, मंग परत उठले, पुरुष बी उठले, बाया बी उठल्या, विजंसारखे पोहणारे निघाले, पार उघड्या समुद्रातल्या लांब शर्यती बी मारल्या.

मी विचारलं, मॅडम, एवढ्याशा देशात एवढं कसं वो? मला वाटलं काय खाणं सांगतील, दूध, चीज, मासे. तर म्हणल्या, आमच्याकडं सगळ्यांना पोहता येतं. बास. पोस्टमनला येतं, बेकरीवाल्याला येतं, माझ्या आजीला येत व्हतं. सगळेच पाण्यात असले की त्यातनं कोण जोरात जातंय ते आपोआप दिसतं. मला ते लगेच पटलं. साय धरायची तर आधी पातेलंभर दूध तापाया लागतं. वाटीभर दुधावर किती फुंकर मारा, साय किती येणार? आन् आपण सगळे वाटी घेऊन बसलेलो असतो, रागवू नका, पण पोर पाण्यात उतरायच्या आधीच आईबापाला घड्याळ पायजे.

तुमी हसताय, पण तुमचंच सांगते हां आता. इरा पोहण्यात जोरदार, सगळ्यांत फुडं, तुमाला ती रेसच्या टीममधी पायजे व्हती, आन् मॅडम म्हणल्या, न्हाई, आधी कपड्यांची परीक्षा. म्हंजे त्यांच्या देशाची रीत अशी, का पोरानं नुसतं चड्डीवर पोहून चालत न्हाई. फुल पँट घालायची, बाह्यांचा शर्ट घालायचा, पायात बूट, आन् तसं धाडदिशी पाण्यात पडायचं. जागच्या जागी तरंगायचं, पोटावर बेडकासारखं पोहायचं, पाठीवर पोहायचं. आन् एक ताडपत्री पाण्यात उभी सोडलेली असती पडद्यासारखी, तिला मधी मोठं भोक, पाण्याखाली डोळे उघडे ठिवून त्या भोकातनं पलीकडं जायचं. एवढं केलं तर कागद मिळणार, आन् तो कागद मिळाल्याबिगर शर्यतीचं नाव काढायचं न्हाई. का, तर पोर कालव्यात पडंल तवा स्विमिंग कॉस्च्यूम घालून पडणार न्हाई, दप्तर-बुटासकट पडंल. मेडल नंतर. तुमी मॅनेजरकडं गेला व्हता तक्रार घेऊन, ही बाई आमच्या मुलीला बूट घालून पोहायला लावती, टाइम वेस्ट करती. मी तिथंच फरशी पुसत व्हते, ऐकलंय सगळं. असू द्या, आता तुमीच सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरता. इरा मात्र मला त्या दिवशी म्हणली, आंटी, इट्स सो हेवी, आन् मंग बूट काढून पोहली तर म्हणली, आंटी, आय ॲम फ्लाइंग. ती खरी.

आता माझ्यावर कसं आलं ते सांगते. क्लबाचा नियम बदलला. मॅनेजर साहेब इजिप्तचे, माणूस वाईट न्हाई, त्यांनी मिटिंग घेतली आन् सांगितलं, इथनं फुडं जो कोण पाण्याच्या काठावर उभा ऱ्हाणार त्याला पोहता आलं पायजे, साफसफाईवाला असू दे न्हाईतर कोण बी, उन्हाळा संपायच्या आत परीक्षा द्या. ज्याला जमणार न्हाई त्याला कंपनीच्या लाँड्रीत, रास अल खोरला, टॉवेलांच्या ढिगात. खलास. मला म्हणले, सुनंदा हबीबी, नो टेन्शन, लाँड्रीत एसी हाय.

खरं सांगू, मी लाँड्रीला जायची तयारी केली व्हती. पोरी सोडाया लागणार म्हणून जीव तुटत व्हता, पण तो कॉस्च्यूम घालून उघड्या मांड्यांनी चार माणसांत जायचं, छे, मेले असते तरी घातला नसता. इथल्या बायांचा अंगभर असतो तो बी बगितला, पण तो अंगाला असा चिकटतो की नको बाई. आन् त्याच्या आत खरी भीती व्हती पाण्याची, लाज वर झाकायला.

पण त्याच सुमाराला गावाकडं एक गोष्ट घडली. आता आमच्याकडं पयल्यासारखं न्हाई, शेततळी झाली सगळीकडं. शेतात मोठा खड्डा खणायचा, त्याला काळा प्लास्टिकचा कागद अंथरायचा, पाणी साठवायचं, डाळिंबाला सोडायचं. आमचं बी झालं. दोघांनी इथं घाम गाळला त्याचं ते तळं, मी पयल्यांदा फोटोत बगितलं तवा रडले, आमच्या शेतात पाणी उभं हाय, वरनं पक्षी उडतोय. पण तो कागद लई निसरडा, ताई. चढ असतो उभा, शेवाळ धरतं, एकदा पाय घसरला की पकडायला काय न्हाई, पाणी माणूस आत ओढून घेतं. शेजारच्या वाडीत एक बाई, माझ्याएवढीच, तिची शेळी पाणी प्यायला गेली ती घसरली. बाई तिला काढाया गेली. शेळी वर आली, बाई न्हाई आली. मंदानं फोनवर सांगितलं. काठावर माणसं व्हती म्हणं, चार-पाच, पण पोहता कुणालाच येत नव्हतं. पाण्याबिगर वाढलेली आमची माणसं, पाणी आलं पण पाण्यात कसं ऱ्हायचं ते कोण शिकवणार? आन् माझी रूपाली रोज त्या तळ्याच्या कडंनं शाळंत जाती.

त्या रात्री मला झोप न्हाई. मालक म्हणले, अगं आपण कुंपण घालू. मी म्हटलं, घाला, पण कुंपणाला दार असतंय, आन् दारातनं बाईलाच जाया लागतंय मोटर चालू कराया.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमकडं गेले आन् भेळ भाषेत त्या तळ्याचं, त्या बाईचं, माझ्या रूपालीचं सगळं सांगितलं, मंग म्हटलं, मॅडम, मेरेको सीखना है, पण मी कपडे काढणार न्हाई. मॅडम माझ्याकडं वरनं खाली बगत राह्यल्या. पँट, बाह्यांचा शर्ट, बूट. आन् मोठ्यानं हसल्या, माझ्या खांद्यावर हात ठिवला. म्हणल्या, सुनंदा, तू तर परीक्षेचाच ड्रेस घालून आलीस.

काय वाटलं असंल मला, सांगा. माझी लाज ती त्यांची रीत निघाली.

मॅनेजर साहेब म्हणले, कपडे पाण्यात चालत न्हाईत, पाणी खराब होतं, नियम हाय. मॅडमनी त्यांना बसवून समजावलं, नवा कोरा युनिफॉर्म आन् नवे बूट, ते फक्त पाण्याचे, बाहेर घालायचे न्हाईत, आन् वेळ ती, जवा पाण्याची सफाई व्हायच्या आधी पाण्यात कोण नसतं. ते डोकं खाजवत हो म्हणले. असं माझं सुरू झालं.

पयल्यांदा नुसतं पायरीवर बसवलं. मंग तोंड पाण्यात. मी तोंड घालायची आन् देवाचं नाव घेत वर यायची. मॅडम म्हणायच्या, देव को बोलो, वेट. नाकात पाणी, कानात पाणी, पँट अशी फुगायची की मी त्या पँटीतच अडकून बसायची. पाठीवर झोपवायच्या, डोक्याखाली त्यांचा पंजा, आन् म्हणायच्या, आकाश देख. वर आकाश कुठलं, पत्र्याचं छप्पर, पण मी बगायची. एक दिवस मला कळलंच न्हाई त्यांनी पंजा कधी काढला. मी पाण्यावर व्हते, एकटी. कानात पाण्याचा असा भरलेला आवाज, बाकी काय न्हाई. मला माझी आई आठवली, लांबनं वरडणारी. मी मनात म्हटलं, आई, मी बरी हाय.

तुमची इरा लई मदतीला यायची. काठावर बसून, आंटी, किक, आंटी, ब्रीद, आन् मी म्हणायची, थांब गं बये, आधी जगू दे. मालकांना मी काय सांगितलं न्हाई बरेच दिवस. मंग केसांचा वास यायला लागला क्लोरीनचा, तवा सांगितलं. ते म्हणले, ह्या वयात? मी म्हटलं, बुडायला वय लागत न्हाई.

आता परीक्षेचा दिवस. ही बी त्यांची रीत, परीक्षा गुपचूप घ्यायची न्हाई. घरची माणसं बोलवायची, काठावर खुर्च्या टाकायच्या, शेवटी फुलं द्यायची आन् सगळ्यांनी मिळून फ्रेंच फ्राईज खायच्या. मॅडम म्हणल्या, माझ्या लहानपणी आख्खं घर यायचं, आजोबा टाय घालून. तर रविवार व्हता, मालक इस्त्रीचा शर्ट घालून जबल अलीहून आले, खुर्चीत अशे बसले जणू त्यांचीच परीक्षा हाय. लहान पोरींची झाली, इराची झाली, आन् सगळ्यांत शेवटी मी. मॅनेजर साहेब पण आलेले, त्यांना त्याच दिवशी वर कळवायचं व्हतं कोण काठावर आन् कोण लाँड्रीत. लहान पोरी थोडंच कपड्यात करतात, बाकीचं कॉस्च्यूमवर, पण माझं सगळंच कपड्यात, ताडपत्री बी.

पडले मी. पाठमोरी, बुटासकट, धाडदिशी. वर आले, तरंगले, बेडूक मारला, पाठीवर मारला. दम लागला व्हता पण जमत व्हतं. मंग ताडपत्री. निळी, पाण्यात उभी लोंबकळणारी, मी खाली गेले, डोळे उघडले, आन् समोर नुसतं निळं. भोक दिसंना. कुटं वर, कुटं खाली, काय कळंना. हात लावला तर ताडपत्री हलली, अंगावर आली, माझा जीव घाबरा झाला आन् मी पाय झाडत वर आले, ताडपत्रीच्या वरच्या दोरीवरनं पलीकडं पडले. पण पलीकडं तर गेले. काठावरनं बगणाऱ्यांना तेवढं बास झालं. टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत आधी तुमीच वाजवल्या, सुनंदाताई, शाब्बास. मालक उभे राह्यले. मॅनेजर साहेबांनी अंगठा दाखवला.

आन् मॅडमनी मान हलवली. नो, सुनंदा.

काय सांगू तुमाला, माझ्या अंगाची आग झाली. एवढं सगळं केलं, ह्या वयात, ह्या कपड्यांत, एवढ्या लोकांत, आन् ही बाई न्हाई म्हणती? आपल्याकडं कोण म्हणलं असतं न्हाई? जाऊ द्या, बाईमाणूस हाय, एवढं केलं तेच लई, द्या कागद. तुमी पण म्हणालात, मॅडम, प्लीज, शी डिड इट. मॅनेजर साहेब बी म्हणले, इट्स ओके. मी काठाला धरून धापा टाकत व्हते आन् मनात त्या बाईला असल्या शिव्या दिल्या की त्या इथं लिहू नका.

मॅडम काठावर उकिडव्या बसल्या, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं, आन् हळू बोलल्या, बाकी कुणाला ऐकू जाणार न्हाई एवढं. तुम्हारा गाँव में मैं नहीं. एवढंच.

माझा राग तिथंच पाण्यात विरघळला बगा. तळ्याच्या काठावर मॅडम नसणार. टाळ्या वाजवणारं कुणी नसणार, अंगठा दाखवणारं कुणी नसणार, काळा कागद आन् पाणी. तिथं कोण म्हणणार, एवढं केलं तेच लई? ही बाई मला नापास करत न्हाई, ही मला जिती ठिवतीय. सगळ्या गर्दीत माझ्यावर माया व्हती ती ह्या एकटीचीच, बाकीच्यांना माझी दया आलेली. मी विचारलं, मॅडम, अगेन? त्या म्हणल्या, जब तुम बोलो. मी म्हटलं, आत्ताच.

कपडे ओले, शिशासारखे जड. मालक म्हणले, अगं दम घे. मी दम घेतला, तोंड भरून घेतला, आन् खाली गेले. ह्या टायमाला घाई केली न्हाई. निळं दिसलं, दिसू दिलं. हात लावून ताडपत्रीवरनं सरकत गेले, आंधळा भिंतीवरनं सरकतो तशी, आन् हाताला कड लागली. भोकाची कड. पलीकडं उजेड व्हता. मी मुंडी घातली, खांदे घातले, एक बूट अडकला, सोडवला, आन् पलीकडं वर आले तवा आधी मॅडमकडंच बगितलं. बाईनं दोन्ही हात वर केलेले, आन् सोललेल्या नाकावरनं पाणी वाहत व्हतं, आन् त्या तर पाण्यात नव्हत्या.

फुलं मिळाली. फ्राईज मालकांनीच जास्ती खाल्ल्या. रात्री बसमधनं घरी जाताना ते खिडकीबाहेर बगत म्हणले, मला बी शिकीव. एवढं बोलायला त्यांना आमचं बर दुबई येईस्तोवर वेळ लागला.

मॅडम आता त्यांच्या मुलखाला गेल्या, काँट्रॅक्ट संपलं. तिकडं आपल्या गावात लहान पोरांना शिकवतात म्हणं, थंडीत, बूट घालून. कधी कधी फोटो पाठवतात. मला त्यांच्या देशाचं लई वाटतं. टीव्हीवर शर्यत लागली आन् त्यांची पोरगी दिसली की मी तिच्या बाजूनं, इरा चिडवती मला, आंटी, व्हाय नॉट इंडिया? मी म्हणते, इंडियाची बी येईल, आधी तिच्या वाडीतल्या सगळ्या पोहू देत. मी काठावरच हाय अजून, पार कडंच्या फरशीवरनं चालते. जी मिळाली ती चाकरी चांगली हाय, देवानं आन् त्या बाईनं दिलेली. त्या बाईचं कल्याण होऊ दे, तिच्या देशाचे बांध पक्के ऱ्हाऊ देत, आणखी काय मागू.

फुडच्या आठवड्यात सुट्टीला चाललीय. बॅगेत निम्मं सामान पाण्याचंच हाय, दोरी, फुगवायच्या ट्यूबा, चष्मे. मालकांनी फोन करून तळ्याला दोरीची शिडी बांधून घेतली, एक न्हाई, चारी बाजूंना. रूपालीला सांगितलंय, शाळेचा ड्रेस आन् शाळेचे बूट तयार ठीव, गेल्या वर्षीचे. काल रात्री मंदाचा व्हिडिओ कॉल आला. पोरांचं सगळं बोलून झालं, तरी ती फोन ठेवंना. मंग पदर सारखा करत म्हणली, आक्का, मला बी येईल का वो? मी म्हटलं, का न्हाई येणार. ती म्हणली, पण मी तर साडीत असते, मोटर चालू कराया पण साडीतच जाते, पोरांसारखं पँटबिंट मला नको. मी म्हटलं, मंदे, जवा पडशील तवा साडीतच पडशील, तर साडीतच शिकायचं.

ती म्हणली, मंग एक जुनी साडी काढून ठिवते.